तीस ते सदतीस

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत
बँकेनं देऊन टाकलेला एक संगणक आहे.
एन दाबला की दोनदा उमटतो.
शेजारी युरियाच्या पोत्यावर यूपीएस,
लाइन गेली की खुडूक कोंबडीसारखा ओरडतो
आणि दीड मिनिटात गप्प.

दाखल्यांची गर्दी ओसरली,
दारव्ह्याची एस.टी. गेली की पोरं येतात.
आज त्यांना काळ्या खिडकीत रंग दाखवला.
तीस ते सदतीस, मधला कुठलाही आकडा,
पायथनला म्हणायचं, तूच उचल.

"म्हंजे कसं जी?" यामिनीनं विचारलं.
तान्ह्या पोळ्याला तुझे बाबा लाकडी बैल रंगवतात, तो रंग कोण ठरवतं?
"कोनी नाई. ज्या डब्याचं झाकन आधी निघन,
त्या रंगाचा बैल."
बस. तेच.

हजेरीतली नावं टाकली. एंटर.
यामिनी ढोले हिरवी,
फुलावर येण्याआधीच्या तुरीसारखी.
रेहान पिवळा.
निकेश सहारे लाल, दोन एनचा,
स्वतःच लाजला.
प्राचीला जांभळा आला, तिला तो नको होता;
पुन्हा एंटर मारा म्हणाली.

नावं नऊ. दिसली आठ.

"माहं कुठी गेलं?" इंदल.
"तांड्यावर गेलं," मागून कुणीतरी.
हसू झालं. मीही थोडा हसलो.
मग ओळी मोजल्या.
पाचवी ओळ रिकामी होती,
बरोबर इंदल आडे मावेल एवढी.

तीस म्हणजे काळा.
काळ्यावर काळा.
मला ठाऊक होतं हे,
आणि यादी लिहिताना ध्यानात आलं नाही,
तेही खरं.

माऊस त्याच्या हातात दिला, ओढ म्हटलं.
त्यानं पाटी पुसावी तसा हात फिरवला
आणि पांढऱ्या पट्टीतून तो निघाला
अक्षर न् अक्षर.
"होतं तं मंग," तो म्हणाला.

मी तीस खोडायला गेलो.
यादीतला आकडा सापडेपर्यंत लाइन गेली,
पोत्यावरून ओरडा सुरू झाला,
थांबला. पडदा विझला.
खोलीत कुणाचंच तोंड दिसेना.

"आता सारेच तीस," इंदल बोलला.

कुणी हसलं नाही लगेच.
दाराशी कुणीतरी
चपलेचा जोड चाचपडत होतं.