दोन नंबरचं बटण

यंत्र मुलीनं पाठवलं, सेन्दाईहून.
बटणं दोन. एक नंबर यासुझोचं,
दोन नंबर माझं.
एवढ्याशा डबीत आमची वाटणी झाली,
जमीनजुमला नाही, निदान रक्तदाब तरी.

नियम नर्सनं दोनदा म्हणून घेतले:
उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर,
न्याहारीच्या आधी.
पाय जमिनीला, पाठ टेकलेली,
दंड काळजाच्या उंचीवर.
आणि बोलायचं नाही.
(हा शेवटचा यासुझोला फार आवडला.
चव्वेचाळीस वर्षं तो तेवढाच पाळत आलाय.)

अकितात डिसेंबरची पहाट
बर्फानं उजळते, सूर्य नंतर येतो, आला तर.
तो माझ्याआधी उठतो, स्टोव्ह पेटवतो.
झोपेतच मला ऐकू येते घरघर,
मग फुस्स,
मग वहीवर पेन्सिल.
एकशे अठ्ठावीस. एकशे सव्वीस. एकशे अठ्ठावीस.
सुतार माणूस,
आकड्यांवरूनसुद्धा रंधा फिरवलेला.

मला वाटलं, माझाच गुण.
मिसोचं सूप मी महिनाभर चोरून पातळ करत आणलेलं,
धुरावलेला खारा मुळा कापायचा तो असा
की पलीकडची ताटली दिसावी.
तो मुकाट खायचा. मी मनात
स्वतःची पाठ थोपटायची.

मग एका दुपारी, चष्मा शोधता शोधता,
माझं बटण दाबलं, वर आठवणीचं दाबलं.
एकशे एकोणऐंशी.
पहाटे पाच वाजून सात मिनिटं.
मागे गेले. एकशे चौऱ्याहत्तर, पाच बारा.
अजून मागे. एकशे ब्याऐंशी.

पाच वाजता मी झोपेत असते.
पाच वाजता मी कुशीवर, तोंड उघडं,
कुणाच्या बापाला भीत नसते.

म्हणजे हे असं.
पहाटेचं खरं ते माझ्या खात्यावर.
आणि त्याच्या बटणात सगळे रात्रीचे,
गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून आल्यानंतरचे,
शिजलेल्या नूडल्ससारखे मऊ आकडे.

कारण छप्पर.
डॉक्टर ओनोदेरांनी बजावलेलं,
दीडशेच्या वर गेलात तर शिडीला हात लावायचा नाही.
शेजारचा टोमेकिची एक्क्याऐंशीचा, अजून फावडं घेऊन वर.
आणि यासुझोनं, ज्यानं हे छप्पर स्वतः ठोकलं,
खिडकीतून बघायचं
कुणा भाड्याच्या पोराला बर्फ पाडताना?

भांडले नाही.
भांडले असते तर माझाच चढला असता,
आणि तो कुठल्या बटणात ठेवायचा?

गुरुवारी डॉक्टरांसमोर यंत्र ठेवलं,
दोन नंबर दाबला.
भुवया वर गेल्या.
“किनुए-सान, हे कधीपासून?”
म्हटलं, पहाटेचंच होतं हो. मला तर काही कळतही नाही.
“गोळी सुरू करू. आणि उद्याच
मोठ्या हॉस्पिटलात जाऊन या.”
म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं.
पेन कागदावर चालू लागलं,
माझ्या नावाच्या शेजारी.

यासुझो क्लिनिकच्या हिरव्या सपातांकडे बघत होता.
डाव्या अंगठ्याचं नख,
ज्यावर कधीकाळी हातोडा बसलेला,
ते खरवडत होता.
मग त्यानं एक बाही वर सारली.
मग तिच्या खालची.
मग लोकरीची.
आणि दंड टेबलावर ठेवला,
फळीत वाळवी आहे का बघा, म्हणत
कुणी फळी पुढे करावी तसा.

पट्टा फुगू लागला.
कुणी काही बोललं नाही.
नियमच आहे तसा.

शिडी पडवीत आहे अजून.
तिच्या पायऱ्यांवर मी यंदाचे मुळे टांगलेत,
तिसरीवर जरा जास्तच.