जुना, आणि पुढे रेघ

मार्युनचा लॅपटॉप एकदा झोपला की उठत नाही.
झाकण उघडावं तर काळोख, आत पंखा मात्र घरघरतो,
जागा असून डोळे मिटून पडलेल्या नवऱ्यासारखा.
ती एकसष्ट वर्षांची. फेरो बेटांवरच्या एका खेड्यात
लोकरीचा हिशेब ठेवते:
कुणाची किती पोती, काळी किती, करडी किती.
भाचा तुम्मास ट्रॉलरवर इलेक्ट्रिशियन,
किनाऱ्याची रेंज लागली की फोन करतो.
म्हणाला, मावशी, नवा कर्नल घाल.

कर्नल म्हणजे फौजेतला नव्हे.
गाभा. सगळ्याच्या खाली, सगळ्याच्या आत.
देऊळ असतं तर गाभारा म्हटलं असतं,
सोवळ्याशिवाय आत जायची बंदी.
तिथे हात घालायचा, तोही पहिल्यांदा,
तोही एकटीनं, तोही नोव्हेंबरात.

तुम्मास सांगत गेला, मधूनमधून लाटेखाली बुडत:
आधी हिशेब वेगळ्या डिस्कवर उतरव.
उतरवलास की एक फाइल उघडून बघ,
न उघडलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे.
चार्जर लाव.
आत्ता कोणता चालतोय, त्याचा आकडा कागदावर लिही.
बूटच्या कप्प्यात जागा आहे का बघ, कप्पा चिमुकला असतो.
अनोळखी दारातून काही आणू नकोस,
बाकीचं जिथून येतं तिथूनच घे.
आणि काहीही झालं तरी जुना

इथे आवाज गेला.

जुना काय? पुसायचा? ठेवायचा?
तिनं कागदावर लिहिलं: जुना. आणि पुढे रेघ.

तासभर फोनची वाट. किटलीतलं पाणी
दोनदा उकळून दोनदा निवलं.
मग तिला फेरीबोट आठवली.
समुद्राखालून बोगदा झाला त्या साली
वडील, त्या बोटीचे शेवटचे तांडेल,
सगळा हिवाळा रोज धक्क्यावर जाऊन
दहा मिनिटं इंजिन चालवायचे.
लोक हसायचे. मोटारी तर खालून सुळसुळ चालल्या होत्या.
"बोगद्याची नि माझी अजून ओळख नाही," ते म्हणायचे.
बोटीची गरज एकदाही पडली नाही.
हे ती गोष्ट सांगताना गाळते.

रेघेपुढे तिनं लिहिलं: असू दे.

पासवर्ड मागितला. टाइप करताना
पडद्यावर ठिपकाही उमटेना,
तिला वाटलं आपली बोटंच गेली.
मग अक्षरं धावली, धावली, थांबली.
रीस्टार्ट.

काळं.
झोपेतलं नव्हे, विहिरीतलं.
एक मिनिट. तीन. पंखासुद्धा गप्प.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे खरं,
पण हातचं अजून हातात आहे की नाही,
ते या काळ्यात कसं चाचपायचं?
बटण दाबून धरलं. पुन्हा चालू केलं.
एस्केपवर बोट, टकटकटक,
कोकरानं कासेला ढुशा द्याव्यात तसं.
चौकटीत दोन ओळी आल्या.
वरची नवी.
खालची कागदावरच्या आकड्याची.
खालची.

हिशेब जागे झाले: काळी चौदा पोती, करडी नऊ.
ती रडली वगैरे नाही.
वाळवलेल्या माशाचा एक तुकडा खाल्ला, उभ्याउभ्याच.

तुम्मासचा फोन पहाटे.
"पुसू नकोस, असं म्हणत होतो."
"माहीत आहे."
"नवा चालला?"
"नाही."
बराच वेळ नुसता वारा. मग म्हणाला,
"पहिल्या खेपेला माझाही नव्हता चालला.
मी मात्र जुना पुसला होता."

अकरा दिवसांनी त्याचीच दुरुस्त आवृत्ती आली,
फक्त शेवटचा आकडा बदललेला.
ती चालली. झाकण मिटलं, उघडलं, लॅपटॉप उठला.
आणखी दोनदा मिटून उघडलं, उगीच.

आता कप्प्यात तिघे, आणि जागा संपत आलेली.
एकाला जायला हवं.
चष्मा पुसून ती मधल्याचा आकडा मोठ्यानं वाचते, एकेक अंक,
मेंढीच्या कानातला बिल्ला वाचावा तसा,
कागदाशी ताडते,
पुन्हा वाचते,
मग एंटर.