छाट

रात्री आठला टीव्हीवर सांगितलं,
तेव्हा राजव्वा म्याकलची पानं भिजून गेली होती.
तेंदूचं पान कोरडं कापलं की फुटतं,
म्हणून आदल्या रात्रीच ओल्या पोत्यात निजवतात.
हजाराची पानं. मीच तोलून दिली होती खिडकीतून,
नेहमीसारखी पसाभर कमी.

मी विडी कारखान्यात चेकर.
बावीस वर्षं हाताखालून विड्या जातात:
ही पोकळ, ही सैल, हिचं तोंड नीट दुमडलं नाही.
बाजूला काढतो तिला छाट म्हणतात.
छाटेचे पैसे नाहीत. छाट परतही देत नाहीत.
का, ते मला कोणी विचारलं नाही.
मीही नाही.

चौथ्या दिवशी पानांना बुरशी धरली असणार.
मला काय माहीत, मी घरी होतो.
गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधलेले,
पलीकडच्या शेडमधले माग गप्प,
आणि आख्ख्या पूर्व भागाला पहिल्यांदा कळलं
की आपण घरातही ओरडूनच बोलतो.

शेंगाचटणी होती, कडक भाकरी होती, आमचं भागलं.
अर्धा पगार आला. उरलेल्याचं मालक म्हणाले, बघू.

एप्रिलचं ऊन. रेशनच्या रांगेत
चुन्याच्या गोलांत चपला उभ्या, माणसं सावलीला.
माझ्या पुढच्या गोलात राजव्वा. तोंडाला टॉवेल,
नवऱ्याच्या कारखान्यातला, काठ तिरका गेलेला.
मशीनवर अंगठा ठेवला. लाल.
पुसून ठेवला. लाल.
पदराला घासला, भिंतीला घासला, मग दुसरा हात.
चाळीस वर्षं तंबाखू, सूत आणि कात्री;
बोटावर रेघाच उरल्या नव्हत्या.
दुकानदार वाईट नव्हता. म्हणाला,
"मावशी, मी ओळखतो की तुला, मशीन ओळखंना. उद्या ये."
टॉवेलाच्या वर डोळे हसले.
"रेपु," म्हणाली, "रोज रेपुच."
पिशवीची घडी केली आणि घरकुलाच्या वाटेला लागली.

माझा अंगठा पहिल्याच खेपेला उमटला.
बारा किलो गहू, आठ किलो तांदूळ.
हाक मारायला तोंड उघडलं होतं.
तेवढ्यात पोलिसाची शिट्टी झाली,
किंवा झाली असं मी धरून चाललो.

पुढं कारखाना उघडला.
मी काचेमागं, हातात मोजे,
सॅनिटायझरचा वास तंबाखूत मिसळलेला.
राजव्वानं चाळीस कट्टे मांडले.
त्यातले दहा-बारा दुसऱ्या हाताचे होते,
पोटाला जाड, टोकाला भित्रे,
आणि सुताची गाठ विडीवाल्या बाईची नव्हती.
मागावर तुटलेला धागा जोडतात ती गाठ,
बारीक, ओढावी तशी घट्ट होणारी.
माझे वडील मारायचे.

"अंबादास?"
"माग बंद. झोपेत पण हवेत गाठी मारायचा," ती म्हणाली.
"म्हटलं, हितं मार."

मी हात फिरवला.
मोज्यातूनही बोटांना कळतं पोकळ कुठली.
सत्तावीस निघाल्या. टोपलीत टाकल्या.
मग टोपलीकडं बघत राहिलो.
मागून आवाज आला, रांग सरकू द्या.

अकरा परत ठेवल्या.
सगळ्या का नाही, मला सांगता येत नाही.
कार्डावर लिहिलं, नऊशे चौऱ्याऐंशी.
तिनं आकड्यावर नख टेकवलं, मनात काहीतरी मोजलं
आणि कार्ड ब्लाउजात खोचता खोचता म्हणाली,
"त्या येळची पानं कमी होती, साहेब."
मार्चबद्दल बोलत होती.

मी पुढचं नाव पुकारलं.