थैली

मिस्सा संपली की देवळामागच्या खोलीत
सात-आठ माणसं बसायची.
टेबल एकच, तीन पायांवर आणि एका विटेवर.
भिंतीवर संत मार्टिन, घोड्यावर,
तलवारीनं आपला झगा मधोमध कापताना,
खाली थंडीनं काकडलेला भिकारी.

रायप्पा यंत्रमागावरचा माणूस.
दर खेपेला तसबिरीकडे बघून म्हणायचा,
"ताण्याच्या रेघेत कापलंय म्हणून बरं,
नाहीतर दोघांनाबी पुरलं नसतं की ओ."
आणि दर खेपेला कायतान गार्ड हसायचा,
पहिल्यांदाच ऐकल्यासारखा.

बाबा खजिनदार. रेल्वेत पार्सल क्लार्क.
त्यांच्याकडे वही होती, पाठीला चादरीची काठ शिवलेली.
पहिलं पान कुणाच्या तरी जाड निबाचं:
फायरमन इनास तोरणे वारला.
पेटीपुरतेही पैसे घरात नाहीत.
आजपासून आम्ही सात जण दरमहा चार आणे.
ज्याचा मृत्यू होईल त्याला पेटी,
बाईला सहा महिने जोंधळे,
पोरांची फी.

एवढीच स्थापना.
हार नाही, भाषण नाही.
पुढं शाई बदलते, आण्यांचे पैसे होतात,
जोंधळ्याचा भाव चढत जातो,
एका महिन्यात पाच पेट्या,
तिथलं अक्षर वाकडं होत होत ओळीबाहेर गेलेलं.

शेवटी थैली फिरायची.
काळी मखमल, तोंड अरुंद.
नियम एकच :
मूठ मिटून आत, मूठ मिटूनच बाहेर.
बाबा आधी दहाची नोट टाकायचे
(रिकामी थैली फिरवू नये म्हणायचे)
आणि मग पुढे सरकवायचे.

गिरणीचा भोंगा थांबला त्या उन्हाळ्यात
मी नऊ वर्षांची, नाणी रचायला बाबांशेजारी.
थैली उलटी केली.
सुटे अकरा रुपये, एक गुंडी,
आणि कोपऱ्याला शाई लागलेली आमची नोट नाही.
"बाबा, आपली..."
टेबलाखाली त्यांचा पाय माझ्या पायावर आला,
चांगलाच जड.
त्यांनी वहीत लिहिलं :
भेट दिली, एक घर. रुपये दहा.
नावाच्या रकान्यात आडवी रेघ.

पुढच्या रविवारी त्यांनी दोन नोटा टाकल्या.

मी मात्र हात बघत बसले,
कितीतरी रविवार.
कायतानचा केसाळ, रायप्पाचा सुताच्या काचांनी चिरलेला,
लाझरसमास्तरांचा खडूचा.
कुणाची मूठ जास्त घट्ट, कुणाची उशिरा बाहेर येते.
रायप्पानं पकडलं एकदा,
"काय बघूलालीस गं?"
मी मान खाली घातली.
सगळ्याच मुठी मिटलेल्या येत होत्या.
नियमच तसा होता,
आणि तो कशासाठी होता
ते कळायला मला वही हातात यावी लागली.

ती आली बाबांच्या पेटीनंतर.
कायतान म्हणाला, बंधुमंडळ आहे, त्यात बाई कशी?
रायप्पा म्हणाला, हिशेब येतो की तिला.
वाद तिथंच संपला, विटेवरचं टेबल हललं तेवढंच.

आता मी जाते विडी घरकुलात,
सुपात पानं घेऊन बसलेल्या मोनिकाबाईकडे.
नवऱ्याचं डायलिसिस, आठवड्याला दोनदा.
ती आधी भाकरी-चटणी पुढं करते,
मग चिठ्ठी.
मी भाकरी खाते. तोंड पोळतं.
चिठ्ठी बाहेर आल्यावर वाचते.

रविवारी आता आम्ही पाचच.
थैलीचं मखमल कोपऱ्यांना टक्कल पडलेलं.
मी पहिली नोट टाकते, शंभराची,
कोपऱ्याला मुद्दाम शाईचा ठिपका देऊन.

गेले कितीतरी महिने
ती रोज परत येते आहे माझ्याकडे.
सगळ्यांचं बरं चाललंय म्हणावं,
की माझ्यासमोर
हात घालायचा धीर होत नाही कुणाला?