बहुधा छावणी

विमानातून उतरला तेव्हा ओताकारच्या कानात इंजिन चालूच होतं,
म्हणून तो ओरडूनच बोलला,
"मोराव्हाच्या वरच्या अंगाला. व्हेंडुलाच्या सातूत."

कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर
पिवळ्या शेतात एक हिरवी रेघ.
सरळ,
मग पत्त्याच्या पानाचा कोपरा वळतो तशी वळलेली,
आणि पुन्हा सरळ.
पाणी असं वळत नाही.
नांगरही नाही.

मेपासून पाऊस नव्हता. सातू वेळेआधी पिकला.
फक्त जिथे कुणीतरी, कधीतरी, खणून पुन्हा बुजवलं होतं
तिथे मुळांना खोल ओल सापडली.
मातीनं जे पोटात ठेवलं होतं
ते सातूनं चारचौघांत सांगून टाकलं.

"बरं आहे तुमचं," व्हेंडुला म्हणाली,
"माझं शेत जळतं तेव्हा तुम्हाला दिसायला लागतं."
तरी तिनं कापणी दोन दिवस पुढे ढकलली.

ओताकार त्या वेळी पाय हलवत बसला होता.
सहकारी शेतीच्या काळात तो याच रानावर औषध फवारायचा.
"ही चौकट मी तेव्हाच पाहिलीय.
दोनदा."
मग बोलला का नाहीस?
"मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल."

कापणीनंतर आम्ही खुंटांतून चाललो,
दोन पावलांवर दोन पावलं, हातात यंत्र,
आणि यंत्र प्रत्येक गोष्टीला सारखंच किंचाळायचं.
ट्रॅक्टरचा नट. बिअरची झाकणं, बरीच.
पंचेचाळीस सालचं रशियन काडतूस.
कुठल्या तरी घोडदळाचं बटण, गरुड झिजून कोंबडी झालेला.
जे सैन्य इथून गेलं
ते काही ना काही सांडून गेलं.
तिसऱ्या दिवशी, उतरत्या उन्हात,
मसुरीएवढ्या डोक्याचा एक गंजका खिळा.
तळव्यात घेतला तर वजनच लागेना.
पायताणाचा.
मग हातभर अंतरावर दुसरा,
मग अर्धी तुटलेली कांस्याची टाचपीन,
जिच्यावर कुणाचा तरी अंगरखा अडकला होता.

रात्री मी छायाचित्र पुन्हा मोठं करून पाहिलं.
रेघेत एक खंड होता, दारापुरता,
आणि त्या खंडासमोर, थोडी पुढे,
एक तोकडी आडवी रेघ,
धावत येणाऱ्याला दारातच अडखळवायला खणलेली.
मला तेवढं पुरलं.
झ्बिन्येक सरांना पुरलं नाही.

"तीन बाजू आहेत. चौथी कुठेय?"
चौथी दफनभूमीखाली, आणि उरली असेल तर
गावाच्या फुटबॉल मैदानाखाली.
"खिळे वाहत येतात. खतातून येतात.
कोपरा गोल म्हणून रोमन होत नाही, बाई."
खणायला पैसे नाहीत हेही ते म्हणाले,
पण खिडकीकडे बघत.

नोंदपत्रावर तीन चौकोन असतात:
निश्चित. संभाव्य. नाकारलेली.
मी मधल्यावर फुली मारली, पेन्सिलीनं.

चार रात्री थांबले असतील. फार तर पाच.
रोज चालून आलेली माणसं, रोज खणणारी,
आणि एकाचा खिळा गळाला.
त्याला तेव्हा कळलंही नसेल.
दुसऱ्या दिवशी, नदी ओलांडल्यावर कुठेतरी,
टाचेला खडा लागला तेव्हा
त्यानं शिवी दिली असेल
कुठल्या भाषेत कोण जाणे,
सगळेच काही रोमहून आलेले नव्हते.
हेही संभाव्यच.

ऑक्टोबरात पाऊस आला. शेत नांगरून काळंभोर,
त्यावर रेघ नाही, दार नाही,
दोन कावळे तेवढे.
ओताकार वरून एक फेरी मारून आला
आणि नकारार्थी मान हलवली.

व्हेंडुला कुंपणापाशी उभी, हातात बियाण्यांची यादी.
"पुढच्या साली मका लावू म्हणते. भाव बरा आहे."
मी म्हटलं, मका काही बोलत नाही.
ती हसली नाही.
यादी घडी करून खिशात घातली,
मग म्हणाली, "बघू.
वरच्या अर्ध्यात सातू."