नावाड्याचे चोवीस हात

पुस्तक न्यायमंदिरासमोरच्या फुटपाथवर मिळालं,
वीस रुपयांत, मुखपृष्ठ गेलेलं.
चिनी कादंबरी, तिचं हिंदी, त्या हिंदीचं गुजराती,
आणि ते मी मराठी करत वाचून दाखवायचे
मार्तंडकाका निंबाळकरांना,
ज्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता
आणि उजवा कुणाचंच ऐकत नव्हता.

त्यात एक म्हातारा नावाडी. नाव बुडते,
उरतो नाव रेटायचा बांबू.
त्या बांबूचे चोवीस हात.
पहिला : खोली मोज.
समोर कुणी तलवार उपसून उभा असला तरी
आधी जमिनीला विचार, किती आहेस?
चौथा : बगळ्याला बसायला जागा दे.
नववा : ओला सदरा वाळत घाल.
चौदावा : ज्याला मारायचंय त्याला आधी पैलतीरी ने.
एकोणिसाव्यापाशी कसर लागलेली,
पुढची पानंच नाहीत.

काका हसले.
दांडिया बाजारामागच्या आखाड्यात
पन्नास वर्षं लाठी फिरवलेला माणूस.
"कागदावरचे हात," म्हणाले, "कागदावरच घामेजतात."
पण रात्री गच्चीवर टाकीच्या आडोशाला
टक् टक् ऐकू आलं बराच वेळ.
सकाळी निकाल : "नववा खोटा.
खांदा इतका मागे जात नाही. लिहिणाऱ्यानं
काठी नाही, छत्री धरली असणार हातात.
चौथा मात्र..."
आणि थांबले, चहातली खारी तुटून बुडेपर्यंत.
"चौथा कुणीतरी बघून लिहिलाय."

विश्वामित्री त्या भाद्रपदात सोसायटीत आली,
चपला न काढता, थेट जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत.
ओसरताना ठेवून गेली गाळ,
एक गॅस सिलिंडर, कुणाचं तरी देवघर,
आणि पंड्यांच्या स्कूटरखाली
सहा फुटांची मगर.

"मगर छे, मगर छे," गॅलऱ्या ओरडत होत्या
आणि मोबाइल खाली वाकून बघत होते.
पंड्यांची नात मीटरच्या पेटीला चिकटून उभी,
एका हातात दुधाची पिशवी.
काका उतरले, लेंगा गुडघ्यावर खोचून.
मला वाटलं, आता तमाचा, बाहेरा, शीर,
जन्मभर शिकवलेला एखादा सणसणीत वार.

त्यांनी बांबू गाळात रोवला. टक् नाही, फच्.
काढला. अर्धं पाऊल. परत रोवला.
मगरीकडे बघितलंसुद्धा नाही,
काय बोलायचं ते जमिनीशी.
असे पोरीच्या आणि तिच्यामध्ये येऊन थांबले,
बांबू उभा, त्यावर दोन्ही तळहात, त्यावर हनुवटी,
उतारावर गिऱ्हाइकाची वाट बघत बसावं तसे.
पंचवीस मिनिटं.
मगरीनं एकदा जबडा उघडला.
काकांनी जांभई दिली.
पोरगी मागच्या मागे पायऱ्या चढून गेली,
दूध न सांडता.
मग वनखात्याची माणसं आली,
दोर, गोणपाट, चिकटपट्टी, आणि टाळ्या.

"कितवा हात होता?" मी विचारलं.
काका बादलीत पाय सोडून बसले होते.
"हात कसला! गुडघे लटपटत होते.
बांबू नसता तर तिच्याच अंगावर पडलो असतो."
आणि जांभई?
"ती भीतीची. कुत्र्यालाही येते."

कसर लागलेल्या पानाच्या कडेला
गुजराती ओळींखाली मी पेन्सिलनं लिहिलं
मराठीत : विसावा : टेक.
उरलेले चार अजून कुठे आहेत, ठाऊक नाही.

बांबू त्यांनी धुतला नाही. गाळाची रेघ
त्याच्यावर तशीच, पोटरीच्या उंचीला.
सोमवारी आखाड्यात अकरा पोरं आली.
त्यांतल्या सगळ्यात उंच पोरानं विचारलं,
"काका, वार कधी शिकवणार?"
काकांनी मातीत एकदा टोक टेकवलं.
"तू उभा आहेस ना," म्हणाले,
"तिथं किती पाणी होतं, ते सांग आधी."