एकास पस्तीस

इलोमान्त्सीत नोव्हेंबरात
दुपारी साडेतीनलाच दिवा लागतो.
ताउनो रेस्कोनेन चष्म्यावर चष्मा चढवतो,
नेलकटरने सुटी करतो चाकं.
तोफ ओढणारा रशियन ट्रॅक्टर,
साबणाच्या वडीएवढा.

अँटेना मेणबत्तीवर ताणून काढलेली,
चिखल म्हणजे कालच्या कॉफीचा चोथा.
आउने विचारते, जरा स्वच्छ का नाही ठेवत?
तो म्हणतो, स्वच्छ कुणी पाहिलाय?

ड्रायव्हर मात्र खोक्यातून अर्धाच निघाला.
कमरेपर्यंत.
झडपेतून तेवढाच दिसतो,
बाकीचा कंपनीने ओतलाच नव्हता.
तरी त्याने तुकडे दोनदा मोजले,
टेबलाखाली टॉर्च फिरवला.

तीन रात्री ट्रॅक्टर तसाच, वर्तमानपत्रावर.
चौथ्या रात्री पुट्टी मळली,
सुईच्या टोकाने कोरले
गुडघे,
बुटांच्या नाड्या,
डाव्या बुटावर मोज्याची दुमड, राखाडी,
दुमडीवर एक लाल रेघ.

ही रेघ आउनेला माहीत होती.
सासूने विणलेला शेवटचा जोड
अजून पेटीत होता, कसर लागलेला.

"हा तर त्यांचा माणूस," ती म्हणाली.
"हं," म्हणून तो
रंगावर फुंकर घालत राहिला.

मग पाय आत सरकवले, झडप चिकटवली.
आता बघायचं म्हटलं तर
मोडावं लागेल.

ट्रॅक्टर गेला खिडकीत, जिरेनियमशेजारी.
रिकामं खोकं आउनेने घेतलं,
बटणं ठेवायला.